विहिरीला पाणी कधीपर्यंत? तालुक्यातल्या शेतीचे प्रकार पाडण्याची रीत

२००८ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली आणि रेघ ओढली ती दोन हेक्टरवर. तेवढी किंवा त्याहून कमी जमीन असेल तर थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याच्या वर गेलात तर ७५ टक्के आधी भरा, मग उरलेले २५ टक्के माफ. कागदावर हे न्यायाचं दिसतं. प्रत्यक्षात बारमाही पाण्यावर चार एकर ऊस असलेला माणूस रेघेच्या आत राहिला आणि विदर्भातला सात एकर कोरडवाहू कापूसवाला बाहेर. ओरड झाल्यावर काही ठरावीक जिल्ह्यांपुरती २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांतलं जे जास्त असेल ते, अशी डागडुजी केली गेली.

गंमत म्हणजे पाणी आणि जमीन एकत्र मोजायची असतात, हे आपल्याच राज्याच्या कायद्याला आधीपासून ठाऊक होतं. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात बारमाही बागायतीची मर्यादा १८ एकर आहे आणि कोरडवाहूची ५४. म्हणजे एक एकर ओली, तीन एकर सुकी. माफीची रेघ ओढताना मात्र नुसते एकर मोजले गेले.

एखाद्या तालुक्यातल्या शेतीचे प्रकार पाडायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही कृषी खात्यात नवे असाल, एखाद्या संस्थेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत काम करत असाल, नाहीतर प्रबंधासाठी गावं धुंडाळत असाल. उदाहरणासाठी मी बीड जिल्हा घेतला आहे. उत्तरेला गोदाकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई-माजलगावची भारी जमीन, जायकवाडीचा उजवा कालवा आणि माजलगावचं धरण. दक्षिणेला बालाघाटाचा माथा, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, मुरमाड आणि उताराची जमीन. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे मुलूख आहेत, म्हणून शिकायला हा जिल्हा चांगला.

पायरी १: निर्णय कोणता, ते एका ओळीत लिहा

वर्गीकरण कशासाठी करायचं, हे आधी ठरवा. 'शेतकऱ्यांची स्थिती समजून घेणे' हे उत्तर चालणार नाही, कारण त्यातून कोणताच निर्णय निघत नाही. 'पुढच्या तीन वर्षांत शेततळ्यांचा पैसा कोणत्या घरांना आधी द्यायचा?' हे चालेल. 'चाऱ्याचं बियाणं कोणाला, शेळीगट कोणाला?' हेही चालेल.

प्रश्न बदलला की वर्गही बदलतात. पाण्याच्या योजनेसाठी पाडलेले वर्ग पतपुरवठ्याला जसेच्या तसे लावले तर फसगत होते. एकदाच वर्ग पाडून ठेवू आणि सगळ्या खात्यांना वाटू, असं कोणी म्हणालं तर त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

सध्या सरकारी कामात चालतात ते पाच वर्ग कृषी गणनेतले आहेत. एक हेक्टरच्या आत सीमांत, एक ते दोन लहान, दोन ते चार अर्धमध्यम, चार ते दहा मध्यम आणि दहाच्या वर मोठा. १९७०-७१ ला महाराष्ट्रात सरासरी वहितीखातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ ला ते १.३४ हेक्टरवर आलं. दर पाचातली जवळपास चार खाती आता दोन हेक्टरच्या आत आहेत. ज्या चाळणीतून पाचातले चार दाणे एकाच डब्यात पडतात, ती चाळणी निवडायच्या कामाची राहिलेली नाही.

पायरी २: कागद उघडण्याआधी शिवार फिरा

दोन-तीन गावं निवडा आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जा. सोबत गावातला एक वयस्क माणूस आणि एक बाई हवी. दोघांना वेगवेगळं दिसतं. म्हातारबाबा बांध, वाटण्या आणि जुन्या विहिरी दाखवतात. मावशी सांगतात की सरपण कुठून येतं, शेळ्या कुठे चरतात आणि कोणत्या घराला कुलूप आहे.

चालताना जमिनीची गावातली नावं टिपा. भारी, मध्यम, हलकी, बरड, मुरमाड, चिबड. मृदा नकाशातली नावं नंतर जुळवता येतात. ओढ्याजवळच्या दोन एकरांचा आणि माथ्यावरच्या दोन एकरांचा सातबाऱ्यावर फरक दिसत नाही, चपलेखाली दिसतो.

याच फेरीत एक सोपा खेळ करा. पारावर किंवा समाजमंदिरात आठ-दहा जणांना बसवून विचारा, 'गावात शेती करणाऱ्या घरांचे किती प्रकार आहेत?' मधे बोलू नका. 'कोयत्यावर जाणारे' (म्हणजे ऊसतोडीला), 'दुधावाले', 'नोकरीवाले', 'बटईनं करणारे' (दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारे), 'पाण्यावाले' अशी नावं आपसूक येतील. ती जशीच्या तशी लिहून ठेवा. पुढे संगणकाने काढलेले गट या नावांशी कुठे जुळतात आणि कुठे नाही, तिथेच खरं शिकायला मिळतं.

पायरी ३: दप्तरात काय आहे आणि काय नाही

सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी, पशुगणना, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, कृषीपंपांच्या जोडण्या आणि जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन, एवढी सामग्री बहुतेक ठिकाणी मिळते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात मात्र अजून तलाठीच विचारा, लवकर भेटतील.

पण कागद काय सांगत नाही, ते नवख्या माणसाने पाठच करावं.

आठ-अ हा एका गावातलं खातं दाखवतो. शेजारच्या गावातली त्याच माणसाची जमीन तिथे दिसत नाही. सातबाऱ्यावर तीन भावांची सामाईक नावं असतात, पण दोघे पुण्यात आणि कसणारा एकटाच असतो. उलट योजनेसाठी अल्पभूधारकाचा दाखला मिळावा म्हणून खातं कागदावर फोडलेलं असतं आणि चूल एकच असते. बाईचं नाव बऱ्याचदा नसतंच, मग ती वीस वर्षं एकटीने शेत करत असली तरी.

आणि सगळ्यांत मोठं भोक म्हणजे बटई. कूळ कायद्याच्या धाकाने जमीनमालक लेखी करार टाळतो, सगळा व्यवहार तोंडी. कुठे अर्धेलीनं, कुठे ठोक्यानं, कुठे खंडानं, विदर्भात मक्त्यानं. पीक पाहणी मालकाच्या नावावर होते, नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात जाते. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत हेक्टरी मदत जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये धरली होती. म्हणजे इथे सरकारने जमिनीतला फरक ओळखला, हे बरंच. पण बियाणं-खत ज्याने उधारीवर आणलं तो बटईदार या तिन्ही दरांच्या बाहेरच राहतो. कागदावरून वर्ग पाडलेत तर हा माणूस तुमच्या तालुक्यात राहतच नाही.

पायरी ४: 'घर' कशाला म्हणायचं ते ठरवा

हे लहान काम, पण इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. माझा नियम साधा आहे. एक चूल म्हणजे एक घर, आणि त्या चुलीवर जेवणारी माणसं गेल्या वर्षी जी जमीन कसत होती ती त्या घराची शेती, मग ती कोणाच्याही नावावर असो. स्वतःची किती, घेतलेली किती, दिलेली किती, हे तीन आकडे वेगळे लिहा. एकर-गुंठ्यांत विचारा आणि घरी येऊन हेक्टरमध्ये बदला. लोकांना हेक्टर विचारलात तर ते तुमच्या समाधानापुरतं काहीतरी सांगतील.

पायरी ५: प्रश्न थोडे आणि धारदार

नवखी माणसं इथे हमखास पाच पानांची प्रश्नावली करतात. मीही केली होती. चौथ्या पानावर समोरचा माणूस बैल सोडायला उठून गेला आणि परत आला नाही.

तीसेक प्रश्न पुरतात, अर्ध्या-पाऊण तासाचे. ते दोन तऱ्हेचे असावेत. घराकडे काय आहे, म्हणजे जमीन, पाणी, जनावरं, माणसं, अवजारं. आणि घर त्यातून काय करतं, म्हणजे काय पेरतं, काय विकतं, बाहेरून काय कमावतं, कोणाकडून उसनं घेतं. पहिल्या बाजूवरच थांबलात तर सारखी जमीन असलेली दोन वेगळ्या वाटेने चाललेली घरं एकाच गटात पडतात.

पाण्याबद्दल 'सिंचन आहे की नाही' असं विचारू नका. बालाघाटावर जवळपास प्रत्येक वस्तीला विहीर किंवा बोअर आहे, त्यामुळे सगळे 'आहे' म्हणतील. विचारायचं ते असं:

'मामा, विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकतं?'

'यंदा? यंदा संक्रांतीलाच तळ दिसला. पाऊस बरा झाला तर होळीपर्यंत जातं.'

या एका उत्तरात सगळं आलं. दिवाळीपर्यंतचं पाणी खरिपाला एखादं संरक्षित पाणी देतं. संक्रांतीपर्यंतचं ज्वारी-हरभरा तारतं. होळीपर्यंत गेलं तर गहू, कांदा आणि दोन गायींचा चारा निघतो. अक्षय्य तृतीयेलाही मोटर चालत असेल तर ते घर ऊस किंवा फळबागेचं नाव काढू शकतं. दिवाळी १, संक्रांत २, होळी ३, आखाजी ४ असे गुण लावा. मला विचाराल तर अख्ख्या पाहणीत या एका रकान्याला एकरांपेक्षा जास्त किंमत आहे. प्रश्न नेहमी यंदाचा आणि बऱ्या वर्षाचा असा दुहेरी विचारा. पाहणीचं वर्ष दुष्काळी निघालं तर अख्खा तालुका कोरडवाहू दिसेल.

पैशाचंही तसंच. 'वार्षिक उत्पन्न किती?' या प्रश्नाला खरं उत्तर कोणी देत नाही आणि का द्यावं? दाखला लागतो त्याच आकड्याचा. त्याऐवजी वर्षाचे महिने सणांच्या क्रमाने मांडा. पोळ्यानंतर हातात पहिला पैसा कशाचा आला? दिवाळीचा किराणा कशातून भरला? पोरीच्या कॉलेजची फी? दवाखान्याला कोणाकडून घेतले? दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, कापसाचा पैसा एकदम येतो आणि एकदम जातो, ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. कोणता पैसा कधी येतो यावरून घर कशावर उभं आहे ते कळतं, आणि रकमेपेक्षा लोक हे मोकळेपणाने सांगतात.

घर शेतीवर उभं आहे असं आपण गृहीत धरतो, तेही तपासून बघावं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, म्हणजे २०१९ साली, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आलं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ होते आणि पिकांचे ३,७९८. ज्याला आपण शेतकरी कुटुंब म्हणतो त्याच्या घरात मजुरीचा पैसा पिकापेक्षा जास्त येतो. १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. जमिनीवर भागतं ती घरं, जमीन आणि बाहेरची कमाई मिळून भागतं ती, आणि कशानेही भागत नाही ती. शंभर वर्षं झाली, पिंपळे सौदागरला आता टोलेजंग सोसायट्या आहेत, पण ती तीन खणांची मांडणी अजून कामाची आहे.

आणखी चार प्रश्न विसरू नका. बैलजोडी स्वतःची, सावडीची (शेजाऱ्याशी मिळून केलेली) की ट्रॅक्टर भाड्याचा? घरातलं कोण बारमाही शेतावर असतं आणि त्याचं वय काय? शेताचे निर्णय कोण घेतं? सालगडी ठेवता का? (सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून त्याच्या आसपास विचारलं तर उत्तर ताजं मिळतं.)

पायरी ६: कोणती गावं, कोणता महिना

गावं चिठ्ठ्या टाकून काढायच्या आधी तालुक्याचे पाण्याप्रमाणे पट्टे करा. कालव्याखालची, नदीकाठची, पायथ्याची, माथ्यावरची. मग प्रत्येक पट्ट्यातून गावं आणि गावातून घरं चिठ्ठीने काढा. दोनशे-तीनशे घरांत एका तालुक्याचं बरं चित्र मिळतं. घरं मतदारयादीतून किंवा वस्तीच्या नकाशावरून घ्या. सातबाऱ्यावरून घेतलीत तर भूमिहीन बटईदार पुन्हा गळेल. वस्ती, तांडा आणि वाडी नकाशात आहेत ना, तेही पाहा.

महिना हा बीडमध्ये जिवाचा प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घराला कुलूप, नाहीतर म्हातारी आणि नातवंडं. कारखाने बंद झाले की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात. पाहणीचा निधी बहुधा डिसेंबरात मंजूर होतो आणि मार्चअखेर संपवायचा असतो. म्हणजे सरकारी वर्षाच्या सोयीने पाहणी केली तर नेमकी कोयत्याची घरं गळतात, आणि अहवालात तालुका आहे त्यापेक्षा सुखी दिसतो. वैशाख-ज्येष्ठात जा. ऊन असतं, पण माणसं असतात. आणि 'घर बंद' असा शेरा मारलेल्या घरांची वेगळी यादी ठेवा. तीही माहितीच आहे.

पायरी ७: गट पाडणं

आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट संगणकाची. सगळी घरं एका मैदानात उभी आहेत असं समजा. ज्यांची उत्तरं सारखी, ती जवळ जवळ. कोंडाळी कुठे दिसतात ते गणित शोधून देतं. आधी मुख्य घटक विश्लेषणाने वीस रकान्यांचे चार-पाच घटक करतात, मग वॉर्डच्या पद्धतीने जवळच्या घरांना जोडत जोडत एक झाडासारखी आकृती काढतात आणि ते झाड कुठे कापायचं ते ठरवतात. आर नावाचं मोफत सॉफ्टवेअर (गुंठ्याजवळचा आर नव्हे) हे सगळं करतं. त्यात शिरण्याआधी काही गोष्टी सांभाळा. रुपये हजारांत असतात आणि गायी एक-दोन, म्हणून सगळे रकाने एका मापावर आणल्याशिवाय गट करू नका, नाहीतर नुसता पैसाच गट ठरवेल. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर आहे तो काढून टाका. एकच गोष्ट सांगणारे तीन रकाने असतील तर एक ठेवा. हो-नाहीचे प्रश्न आणि आकडे मिसळले असतील तर गॉवरचं अंतर वापरा. एखादा पन्नास एकरवाला किंवा पोल्ट्रीवाला अख्खं झाड वाकडं करत असेल तर त्याला बाजूला ठेवून पुन्हा चालवा, पण अहवालात तसं लिहा.

दुसरी वाट नियमांची. युरोपीय संघात शेतांची वर्गवारी अनेक दशकं अशीच चालते. उत्पादनाच्या प्रमाणित मूल्यात एखाद्या व्यवसायाचा वाटा दोन-तृतीयांशाहून जास्त असेल तर शेत त्या प्रकारचं, नाहीतर मिश्र. हा नियम कोणालाही समजतो आणि दोन माणसांनी वेगवेगळा लावला तरी उत्तर एकच येतं.

माझं मत विचाराल तर नवख्याने दोन्ही करावं, पण गावात घेऊन जायचे ते नियम. संगणकाला विचारायचं ते एवढंच की आपल्या डोळ्यांतून एखादा गट सुटला आहे का. किती गट? पाच ते आठ. तीन केलेत तर ते लहान-मध्यम-मोठे होऊन बसतात. बारा केलेत तर कोणत्याच अधिकाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत.

बालाघाटाच्या बाजूला साधारण कोणते प्रकार दिसतात, ते सांगतो. आकडे मुद्दाम देत नाही, ते तुमच्या पाहणीतून यावेत.

कोयत्याचं घर: एक-दोन एकर मुरमाड, पावसावर बाजरी किंवा कापूस, पेरून जायचं आणि वेचणीला म्हातारी किंवा मजूर. शेती म्हणजे परतायचं ठिकाण.

कोरडवाहू घर: पाच-दहा एकर, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. बैलजोडी आता मोडकळीला. कागदावर हे दोन हेक्टरच्या वरचं खातं, दुष्काळात सगळ्यांत आधी कर्जात जाणारं.

दुधाचं घर: दोन-चार एकर, आठमाही विहीर, तीन-चार संकरित गायी, अर्धं रान मका आणि गवताखाली. आष्टी-पाटोद्याकडे अशी घरं सहज भेटतात. कामाचा सगळा भार बाईवर.

पाण्याचं घर: गंगथडीला ऊस, माथ्यावर पाझर तलावाखाली कांदा-भाजी किंवा फळबाग. एकर थोडे असले तरी पतपेढीत शब्द चालतो.

पगाराचं घर: शिक्षक, फौजी, एसटीतला, नाहीतर चाकणला कंपनीत असलेला मुलगा. शेत बटईला. योजनांचे अर्ज सगळ्यांत वेळेवर यांचेच.

बटईदाराचं घर: स्वतःची अर्धा-एक एकर किंवा शून्य, कसतो आठ एकर. राबणारे हात भरपूर, कागद एकही नाही.

थकलेलं घर: म्हातारा-म्हातारी किंवा एकटी बाई. जमीन आहे, कसायला माणूस नाही.

शेळ्या-मेंढ्यांचं घर: चराईवर उभं. गायरान गेलं की हे घर गेलं.

एक घर दोन खणांत बसतं, हे होणारच. दुधाचं घर असून धाकटा भाऊ कोयत्यावर जातो. त्यासाठी नियमांना क्रम द्यावा लागतो. मी असा देतो. गेल्या हंगामात घरातलं जोडपं तोडीला गेलं होतं का? हो, तर कोयत्याचं घर, पुढे विचारू नका. नाही तर, वर्षाचा बहुतेक खर्च जनावरांच्या चराईवर निघतो का? नाही तर, शेत दुसरा कसतो का आणि घरात पगार किंवा पेन्शन आहे का? पगार नसूनही दुसराच कसत असेल तर थकलेलं घर. स्वतः कसत असेल तर, कसलेल्यातली अर्ध्याहून जास्त जमीन दुसऱ्याची आहे का? नाही तर, किराणा दुधाच्या पगारावर चालतो का? नाही तर, बऱ्या वर्षी होळीनंतर मोटर चालते का? तिथेही नाही आलं तर कोरडवाहू. सात प्रश्न, पाच मिनिटं, बांधावर उभ्या उभ्या. फक्त एका भावाने कोयता धरला असेल तर जोडपं गेलं नाही म्हणून घर पुढे सरकतं आणि दुधात पडतं. हा निर्णय माझा. तुमच्या भागात तो बदलावा लागला तर बदला, पण सगळ्या पाहणीदारांना एकच सांगा.

पायरी ८: गावात वाचून दाखवा

गटांची वर्णनं घेऊन त्याच गावांत परत जा. घरांची नावं सांगू नका, फक्त वर्णन वाचा आणि विचारा, 'असं घर तुमच्याकडे आहे का?' लोक आपापसात बघून हसले तर वर्ग जिवंत आहे. सगळे गप्प बसले तर तो गणितातून आलेला आहे, मोडून टाका. कोणी म्हणालं की 'साहेब, या दोन्ही सारखेच', तर वाद घालू नका, का ते विचारा. मी एकदा विहिरीवाले आणि बोअरवाले असे दोन गट केले होते. एका ताईंनी विचारलं, 'पाणी आटलं की दोघंबी टँकरच्या रांगेत, मग वेगळे कशाला?' गट एक झाला.

नावं ठेवताना जपा. 'कमकुवत', 'मागास', 'अकार्यक्षम' असले शब्द अहवालात लिहिले की ते पाच वर्षांनी त्याच माणसाच्या कर्जाच्या फाइलीत शेरा म्हणून दिसतात. जातीचं नाव किंवा वस्तीचं नाव वर्गाला देऊ नका. कोणतं घर कोणत्या वर्गात, ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागता कामा नये.

पायरी ९: योजना आणि वर्ग समोरासमोर ठेवा

एक मोठा कागद घ्या. उभे वर्ग, आडव्या चालू योजना. प्रत्येक चौकोनात एकच गोष्ट लिहा. हे घर या योजनेचा फायदा घेऊ शकतं का, आणि नसेल तर कुठे अडतं?

ठिबकचं अनुदान घ्या. केंद्राच्या निकषात लहान-सीमांतांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के, वर राज्याची भर. कोयत्याच्या घराला यातून शून्य, कारण नळीत सोडायला पाणीच नाही. त्याला ८० टक्के अनुदान करा नाहीतर ९५, शून्यच. पगाराचं घर ते घेतं, पण ठिबक बटईदाराच्या घामाने चालतं. दुधाच्या घराला चाऱ्यासाठी ते खरंच लागतं, पण पूर्ण खर्च आधी खिशातून करायचा आणि अनुदानाची वाट बघायची, तिथे ते अडतं. म्हणजे एकाच योजनेत एका वर्गाला पाणी हवं, एकाला करारपत्र, एकाला आधीची उचल. टक्केवारी वाढवणं हे यांतल्या कोणाचंच उत्तर नव्हतं.

कोयत्याच्या घराला काय लागतं? मुलांसाठी हंगामी वसतिगृह, परतल्यावर उन्हाळ्यात रोजगार हमीचं बांधबंदिस्तीचं काम, चार-सहा शेळ्या, बांधावर सीताफळ (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि हलक्या रानात पाण्याशिवाय उभं राहणारं ते झाड आहे). आणि अर्जाची मुदत त्यांच्या घरी असण्याच्या महिन्यांत. यातल्या निम्म्या गोष्टी कृषी खात्याच्या नाहीतच. वर्गीकरण नीट झालं की हे असं होतं. शेतीचं धोरण शिक्षण खात्याच्या दारात जाऊन उभं राहतं. तेव्हा 'हा आमचा विषय नाही' म्हणून तो चौकोन रिकामा सोडू नका.

कोणता वर्ग मोठा आणि कोणता वाढतो आहे, हेही पाहा. थकलेली आणि पगाराची घरं वाढत असतील तर तालुक्यात बटई वाढणार, आणि बटईदाराला कर्ज-विमा मिळण्याची काहीतरी लेखी सोय हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न होतो, मग तुम्ही मुळात शेततळ्यांसाठी निघाला असलात तरी.

शेवटचं काम कारकुनी आहे, पण ते टाळलं तर बाकीचं वाया जातं. सात प्रश्नांची ती कुंजी एका पानावर छापा, वर पाहणीचं वर्ष, महिना आणि त्या वर्षीचा पाऊस लिहा. गावात फिरणाऱ्या प्रत्येक कृषी सहायकाच्या (आता सहायक कृषी अधिकारी) डायरीत ते पान चिकटवा. घरं एका वर्गात कायम राहत नाहीत. विहीर आटली, मुलगा पोलिसात लागला, गाय मेली, की घर सरकतं. त्यामुळे दर पाच वर्षांनी, आणि मोठ्या दुष्काळानंतर लगेच, त्याच घरांकडे तोच कागद घेऊन जा. पहिला प्रश्न बदलू नका, शेवटचा बदलला तरी चालेल, आणि जाताना महिना वैशाखच ठेवा.